गाडी कुठली, झोपायचं कुठे?

आमच्या गावच्या घराच्या माळ्यावर एक घडीची खाट पडून आहे. सागाची चौकट, गंजलेल्या बिजागऱ्या, आणि मधलं कॅनव्हास कधीच कुजून गेलेलं. घरात तिला 'साहेबाची खाट' म्हणतात. आजी सांगते की तिचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, ऐन विशीत असताना ही खाट डोक्यावर घेऊन घाट चढले होते. कुणीतरी गोरा साहेब शिकारीला आला होता. गावातून वीस-पंचवीस माणसं ओझ्याला काढली, त्यात पणजोबा होते. रात्री साहेब तंबूत या खाटेवर झोपला आणि ती आणणारी माणसं बाहेर शेकोटीभोवती घोंगडी पांघरून बसली. पुढे साहेबाची बदली झाली, जाताना त्याने मोडकी म्हणून खाट टाकून दिली आणि पणजोबांनी ती घरी आणली. पण ते तिच्यावर कधी झोपले नाहीत. भाताची पोती ओल लागू नये म्हणून तिच्यावर ठेवायचे.

गेल्या दिवाळीत मी आणि माझे दोन मित्र एका लांबच्या रोडट्रिपचं गणित मांडत होतो. हॉटेलचा खर्च नको, म्हणून गाडीतच झोपायची सोय करायची होती. मागची सीट पाडून प्लायवूड टाकायचं की टपावर तंबू लावायचा, यावर वाद चालू होता. यूट्यूबवर शोधलं की अमेरिकेतले हरणांचे शिकारी समोर येतात. पिकअप घ्यावा की व्हॅन, मागच्या हौद्यात झोपावं की टपावर, थंडीत दव कुठून गळतं, बंदूक कुठे ठेवायची, यावर ही मंडळी तासन्‌तास बोलतात. पुण्यात बसून मी ते सगळं बघितलं. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, त्यामुळे त्यातलं अर्धं माझ्या कामाचं नव्हतं. पण गावी गेल्यावर माळ्यावरची खाट दिसली आणि लक्षात आलं की गाडी कुठली आणि झोपायचं कुठे, हा प्रश्न आमच्या घरात माझ्या आधी तीन पिढ्या येऊन गेलाय. फक्त पणजोबा त्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला होते. ते स्वतःच गाडी होते.

म्हणून हा लेख. शिकारीला निघालेल्या माणसांनी कशात बसून जायचं आणि कशावर झोपायचं हे कसं ठरवलं, याची ही गोष्ट आहे.

एकाच पुस्तकात तीन प्रकरणं

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, लातूर-सोलापूरच्या सीमेपासून फार लांब नाही. मराठीचा इतिहास शिकणाऱ्यांना हा ग्रंथ माहीत असतो, कारण त्यातल्या संगीताच्या भागात मराठीच्या अगदी जुन्या ओळी सापडतात.

ग्रंथाची रचना एखाद्या इंजिनिअरला आवडेल अशी आहे. वीस-वीस प्रकरणांचे पाच भाग, एकूण शंभर प्रकरणं. तिसऱ्या भागात राजाने कशाकशाचा उपभोग घ्यावा याची यादी आहे. त्यात 'यान' म्हणजे वाहन हे एक प्रकरण आणि 'शय्या' म्हणजे अंथरूण हे दुसरं. चौथा भाग विनोदांचा, म्हणजे करमणुकीचा. त्यात 'मृगया', म्हणजे शिकार. भारतात पाळीव चित्त्याकडून केलेल्या शिकारीचं तपशीलवार वर्णन ज्या सगळ्यात जुन्या ग्रंथांत मिळतं, त्यांत मानसोल्लासचा समावेश होतो.

म्हणजे गाडी, गादी आणि शिकार हे तिन्ही विषय नऊशे वर्षांपूर्वी आपल्या भागातल्या एका माणसाने पद्धतशीर लिहून काढले होते. प्रकरणं मात्र वेगवेगळी. पुढच्या काळात ही तीन प्रकरणं एकमेकांत कशी मिसळत गेली, ते बघण्यासारखं आहे.

बैलगाडीतला चित्ता

शिकारीच्या वाहनाचा पहिला प्रश्न वेगाचा असेल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पहिला प्रश्न आहे, जनावराच्या किती जवळ जाता येईल?

चित्त्याचंच घ्या. जमिनीवरचा सगळ्यात वेगवान प्राणी, पण त्याचा दम काही शे मीटरपुरता. त्यानंतर तो थांबतो आणि धापा टाकत बसतो. काळवीट वेगात त्याच्यापेक्षा थोडंच कमी, पण दमाला कितीतरी जास्त. त्यामुळे चित्ता सोडायच्या आधी त्याला काळविटाच्या शंभरेक पावलांपर्यंत नेणं भाग होतं. घोड्यावरून गेलं की काळवीट पळतं. पायी माणूस दिसला तरी पळतं. मग उत्तर सापडलं ते बैलगाडीत.

काळवीट माळरानावर, शेतांच्या कडेनं चरतं. रोज शेतकऱ्याच्या बैलगाड्या त्याच्या आसपासून जातात, त्यांचा त्याला काही त्रास नसतो. म्हणून शिकारी चित्त्याला साध्या, बुटक्या बैलगाडीवर बसवत. डोळ्यांवर कातडी टोपी, कमरेला दोर. गाडी सरळ कळपाकडे न नेता वळसे घेत घेत, जणू काही आपल्याच वाटेनं चालल्यासारखी जवळ आणायची. अंतर पुरेसं कमी झालं की टोपी काढायची, दोर सोडायचा. मग दहा-पंधरा सेकंदांत काय ते ठरायचं.

मला यात मोठी गंमत वाटते. राजांकडे अरबी घोडे होते, हत्ती होते. पण या कामाला सगळ्यात सरस ठरली ती सगळ्यात संथ आणि सगळ्यात साधी गाडी, कारण जनावराचा तिच्यावर विश्वास होता. आणि त्याच विश्वासाचा फायदा घेतला जात होता.

या शिकारीची किंमत चित्त्यांनीही मोजली. अकबराने एके काळी हजार चित्ते जमवले होते, असं जहांगीरने लिहून ठेवलंय. त्यातला समंद माणिक नावाचा एक चित्ता तर चौडोलात, म्हणजे पालखीतच बसून जायचा आणि पुढे नगारा वाजायचा, हे अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. पण पाळलेले चित्ते पिल्लं घालत नाहीत, हे मोगलांनाही कळलं होतं. म्हणजे मेलेल्या प्रत्येक चित्त्याच्या जागी रानातून नवा पकडून आणावा लागे. शेकडो वर्षं हेच चाललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर भारतात पकडायला चित्ते पुरेनात. मग भावनगर आणि कोल्हापूर यांसारख्या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवायला सुरुवात केली. 1918 ते 1945 या काळात असे सुमारे 200 चित्ते बोटीने भारतात आले. म्हणजे शेवटी शेवटी तर वाहनात बसणारा शिकारीही आयात करावा लागत होता.

उद्याचा तंबू आजच पुढे

आता झोपण्याचं बघू. मोगल बादशहाची शिकार म्हणजे आठवड्यांचा, कधी महिन्यांचा दौरा असे. शिकारीच्या निमित्ताने सैन्याचा सराव होई, वाटेतल्या जमीनदारांना धाक बसे, गाऱ्हाणी ऐकली जात. त्यामुळे रात्रीचा मुक्काम म्हणजे एक हलतं शहरच असायचं.

या शहराची यादी आईन-ए-अकबरीत आहे. एका मुक्कामाचं सामान वाहायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल. शिवाय तंबू ठोकायला 1,000 फरास, वाट नीट करायला 500 बेलदार, 100 पखालवाले, 50 सुतार, तंबू शिवणारे आणि मशालजी, 30 चांभार आणि 150 झाडूवाले. हे वाचताना मला आमच्या ऑफिसातली सर्व्हरची यादी आठवली. वापरणारा एक, पण त्याच्या मागे चालणारं काम केवढं!

आणि खरी हुशारी पुढे आहे. औरंगजेबाबरोबर 1664-65 मध्ये काश्मीरकडे गेलेल्या फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने 'पेशखाना' नावाच्या व्यवस्थेबद्दल लिहिलंय. बादशहाच्या तंबूंचे दोन संपूर्ण संच असत. आज रात्री बादशहा एका संचात झोपलेला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामावर जाऊन उभा राहत असे. सकाळी बादशहा निघाला की संध्याकाळी पोचतो तेव्हा तंबू तयार. मग मागचा संच उतरवायचा आणि याच्याही पुढे न्यायचा. 'पेश' म्हणजे पुढे. आपल्या 'पेशवा' शब्दातला तोच पेश.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज करतो. एक सिस्टिम लोक वापरत असताना दुसरी तशीच बाजूला उभी करायची, आणि ती तयार झाली की सगळ्यांना तिकडे वळवायचं. वापरणाऱ्याला मधला खटाटोप दिसता कामा नये. बादशहालाही दिसत नव्हता. त्याच्या लेखी रोज संध्याकाळी घर आपोआप तिथे असायचं. फरक इतकाच की आमच्याकडे रात्री दोन वाजता जागं राहणाऱ्याला निदान ओव्हरटाइम मिळतो.

तंबू, डेरा, राहुटी, कनात, शामियाना, फरास. आपल्या भाषेत मुक्कामाचे किती शब्द आहेत बघा, आणि त्यातले किती फारसीच्या वाटेनं आले. मराठी सैन्यानेही हीच तंबूंची भाषा उचलली. 'शिकारखाना' या शब्दाचं मात्र आपल्याकडे वेगळंच झालं. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता, आणि तिथे जनावरं पाळलेली असत. आजच्या भाषेत प्राणिसंग्रहालय.

हत्ती: गाडीही आणि मचाणही

उंच गवताच्या तराईत बैलगाडी चालत नाही आणि घोड्यावरून काही दिसत नाही. तिथे हत्ती लागतो. हत्तीवरच्या हौद्यात बसलं की माणूस गवताच्या वर येतो, आणि वाघाच्या झेपेपासून बऱ्यापैकी सुरक्षितही राहतो. म्हणजे वाहन आणि मचाण एकातच. तोटेही होते. हत्ती डुलतो, त्यामुळे नेम चुकतो. वाघ अंगावर आला तर काही हत्ती उधळतात. शिवाय हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. एका हत्तीचं 'इंधन' जमवायलाच माणसं लागत.

ही व्यवस्था तिच्या टोकाला गेली ती 1911 च्या डिसेंबरमध्ये. दिल्ली दरबार आटोपून इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज नेपाळच्या चितवनमध्ये शिकारीला गेला. 600 हून जास्त हत्ती जमवले गेले. हत्तींचं कडं करून वाघाला मध्ये कोंडायचं आणि मग हौद्यातून गोळी घालायची, अशी तिथली पद्धत. राजाच्या मोटारी जाव्यात म्हणून रानातून रस्ते काढले, नवीन छावणी वसवली. दहा-अकरा दिवसांत 39 वाघ आणि 18 गेंडे मारले गेले. राजा रात्री आरामात झोपला असणार. इतकी माणसं आणि जनावरं कामाला लावल्यावर शिकाऱ्याच्या हातात करण्यासारखं एकच काम उरतं, चाप ओढायचं.

जिथे बैल मरतात

पण हत्ती, बैल, घोडा यांतलं काहीच चालत नसेल तर? पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात त्सेत्से नावाची माशी आहे. तिच्या चाव्यातून होणाऱ्या 'नगाना' रोगाने घोडे आणि बैल मरतात. त्यामुळे तिथे शिकारीच्या मोहिमेचं वाहन म्हणजे माणसाचं डोकं. एका हमालाने साधारण 60 पौंड, म्हणजे 27 किलो वाहायचं, असा रिवाज होता. तंबूही तेवढ्याच वजनाच्या गाठोड्यांत बांधले जात, खाट तशीच, बाथटबही तसाच.

अमेरिकेचा अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट 1909 मध्ये पद सोडल्यावर मुलाला घेऊन तिकडे गेला. मोंबासाहून निघालेल्या युगांडा रेल्वेत तो इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बाक टाकून बसला, म्हणजे जनावरं नीट दिसावीत. ही रेल्वे बांधायला ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले होते आणि त्यातले सुमारे 2,500 तिथेच मेले. रेल्वे संपली की पुढे पायी, आणि मागे दोन-अडीचशे हमाल. कातडी टिकवण्यासाठी चार टन मीठ, आणि रुझवेल्टला वाचायला डुकराच्या कातड्यात बांधलेली पुस्तकांची एक पेटी. रुझवेल्ट आणि त्याच्या मुलाने मिळून 512 जनावरं मारली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयासाठी हे नमुने गोळा केले, असं या मोहिमेचं कारण होतं.

चार टन मीठ कुणाच्या डोक्यावर गेलं, हे आता मला विचारावंसं वाटतं. आधी कधी वाटलं नव्हतं. माळ्यावरच्या खाटेचं वजन मी गावी मोजलं, काट्यावर. कॅनव्हास नसताना साडेअकरा किलो भरलं.

आपल्याकडे डोक्यावर ओझं घ्यायला लावणाऱ्या या पद्धतीला वेठबिगार म्हणत. त्सेत्से माशी आपल्याकडे नव्हती. पण डोंगरात गाडीवाट नव्हती, आणि वाट असली तरी बैलगाडीचं भाडं द्यावं लागतं. माणूस फुकट मिळायचा. कुमाऊँमध्ये तर याची रीतसर नोंदवही असायची. दौऱ्यावर किंवा शिकारीवर आलेल्या साहेबाला किती माणसं द्यायची, कुणाची पाळी आहे, हे गावच्या रजिस्टरात लिहिलेलं असे. तिकडे याला 'कुली बेगार' म्हणत. 1921 च्या जानेवारीत, उत्तरायणीच्या जत्रेत बागेश्वरला हजारो लोक जमले आणि बद्रीदत्त पांडे यांच्या पुढाकाराने त्यांनी ही रजिस्टरं शरयू नदीत बुडवली. महात्मा गांधींनी या आंदोलनाचं कौतुक केलं होतं. त्याच सुमारास कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी वेठबिगार कायद्याने बंद केली. शाहू महाराज स्वतः पट्टीचे शिकारी होते. ज्या माणसाला शिकारीसाठी ओझेवाल्यांची सगळ्यात जास्त गरज, त्यानेच हे केलं, हे विसरून चालणार नाही.

आमच्या गावात मात्र ते पाणी पोचायला वेळ लागला. पणजोबांना त्या दिवसाचे पैसे मिळाले का, हे मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "साहेबानं दिले असतील रे, पण मधल्या माणसांच्या हाताला तेल लागलेलं असायचं."

खाट झाडावर

सगळेच शिकारी तंबूत झोपत नव्हते. नरभक्षक जनावर मारायचं तर रात्रभर एका जागी बसावं लागतं. त्यासाठी मचाण. गावाकडे आपण ते ओळखतो. रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी चार लाकडं रोवून वर माळा बांधतो आणि तिथेच रात्र काढतो. शिकाऱ्याने तीच वस्तू झाडावर नेली. पुष्कळदा तर गावातली सुंभाची खाटच उचलून फांद्यांना बांधत. सुंभ आवाज करत नाही, अंगाखाली हवा खेळती राहते, आणि खाट कुठल्याही गावात मिळते. मागून आणायला नको.

जिम कॉर्बेटने गढवालमध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या 1926 मध्ये मारला. आठ वर्षांत त्या बिबट्याने 125 माणसं मारल्याची सरकारी नोंद होती. तो अलकनंदेवरच्या झुलत्या पुलावरून ये-जा करेल या आशेने कॉर्बेट पुलाच्या बुरुजावर 20 रात्री बसला. वर छप्पर नाही, सतत वारा. बिबट्या त्या 20 रात्रींत आलाच नाही. शेवटी तो मारला गेला तो एका आंब्याच्या झाडावरून.

कॉर्बेटकडे गाडी नव्हती, कारण त्या डोंगरात रस्तेच नव्हते. तो चालला. चालल्यामुळे त्याला माग वाचता आला, पक्ष्यांचे इशारे ऐकता आले. पुढे त्याने बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा जास्त हातात घेतला. त्याच्या आधी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने रात्री तारेला पाय लागला की फ्लॅश उडेल असा कॅमेरा लावून वाघांचे फोटो काढले होते आणि 1927 मध्ये त्याचं पुस्तकही आलं. आज व्याघ्रप्रकल्पांत जे कॅमेरा ट्रॅप लावतात त्यांचे हे पणजोबा.

दोन दिवे

आणि मग मोटार आली.

सुरुवातीला ती राजांची हौस होती. कोटा संस्थानचे महाराव उमेदसिंह यांनी 1925 मध्ये शिकारीसाठी खास रोल्स-रॉइस बांधून घेतली. रात्री रानात उजेड पाडायला मोठे सर्चलाइट आणि बंदुकांची सोय. पूर्व आफ्रिकेत तर 1920 च्या दशकाअखेर लोक मोटारीतून सिंहांचा पाठलाग करून गोळ्या घालू लागले. सिंह माणसाला भितो, पण मोटारीला भीत नाही. बैलगाडीचीच गोष्ट पुन्हा! तिथला नावाजलेला शिकारी डेनिस फिंच हॅटन याने याविरुद्ध लंडनच्या वर्तमानपत्रात लिहिलं आणि मोटारीतून बंदुकीऐवजी कॅमेरा वापरा, असा आग्रह धरला.

महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीप स्वस्तात बाजारात आल्या. 1940 च्या दशकाअखेर महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणीही सुरू केली. आता शिकारीला ना हत्ती लागत होते, ना हमाल, ना मुक्काम. संध्याकाळी जेवून निघायचं, रानातल्या वाटेवर दिवे लावायचे, जनावराचे डोळे चमकले की गोळी घालायची आणि पहाटे घरच्या पलंगावर झोपायला परत यायचं. प्रवास आणि झोप या दोन्ही गोष्टींचा त्रासच संपला. जो त्रास होता, तोच जनावरांचं कुंपण होता, हे तेव्हा कमी लोकांना कळलं.

1947 मध्ये मध्य भारतातल्या कोरिया संस्थानात, म्हणजे आजच्या छत्तीसगडमध्ये, महाराज रामानुज प्रताप सिंह देव रात्री मोटारीतून चालले होते. दिव्यांच्या उजेडात तीन चित्ते एकत्र बसलेले दिसले. तिन्ही नर, एकाच वयाचे. महाराजांनी तिन्ही मारले. त्याची हकीकत फोटोसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे आली. 1883 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत शिकाऱ्यांची पत्रं नेहमी येत. पण या पत्राखाली संपादकांनी स्वतःची तीव्र नाराजी छापली. भारतातल्या रानटी चित्त्यांची खात्रीलायक अशी ही जवळजवळ शेवटची नोंद. 1952 मध्ये सरकारने चित्ता नामशेष झाल्याचं मान्य केलं.

मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचला. चित्ते संपायला माळरानं शेतीखाली जाणं, काळवीट कमी होणं, शतकानुशतकं पिल्लं पकडणं अशी बरीच कारणं होती. फक्त त्या गोळ्यांनी ते संपले असं नाही. पण शेवटचा प्रसंग मोटारीच्या दिव्यांत घडला, हेही खरं. चित्त्याने कधीकाळी बैलगाडीतून शिकार केली होती, आता तोच दिव्यांकडे बघत बसून राहिला.

कायद्यातलं एक कलम

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मूळ 17 वं कलम होतं. परवाना असलेल्या शिकाऱ्यानेसुद्धा कसं वागायचं याचे नियम त्यात होते. चाकांच्या किंवा यंत्राने चालणाऱ्या वाहनातून शिकार करायची नाही. रात्री शिकार करायची नाही. खास परवानगी नसेल तर कृत्रिम दिवा वापरायचा नाही. हे कलम वाचताना मला वाटलं की जीपच्या दिव्यांची सगळी कहाणी कायद्याच्या भाषेत पुन्हा सांगितलीय. म्हणजे कायद्याने आधी बंदुकीपेक्षाही गाडी आणि दिवा यांच्यावर बोट ठेवलं. पुढे 1991 च्या दुरुस्तीत शिकारीचे परवानेच बंद झाले आणि या कलमाचीही गरज उरली नाही.

चित्ते 17 सप्टेंबर 2022 ला परत आले, नामिबियाहून आठ. या वेळी विमानाने ग्वाल्हेरला आणि तिथून हेलिकॉप्टरने कुनोला. चौडोल, बैलगाडी, बोट आणि आता विमान. चित्त्याइतका प्रवास आपल्याकडे कुठल्याच रानटी जनावराने केला नसेल.

गाडीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. शिकारीच्या जीपची जागा सफारीच्या जिप्सीने घेतली. 2024 च्या अखेरीस उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्ही बाजूंनी अडवलं. व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कुणाच्याही हातात बंदूक नव्हती. पण चितवनच्या हत्तींचं कडं आठवल्याशिवाय राहिलं नाही. आणि मीही अशा जिप्सीत बसलोय. ड्रायव्हरला "अजून थोडं पुढे घ्या ना" असं म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता, हे लिहून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला मी मेळघाटात वनखात्याच्या निसर्गानुभव कार्यक्रमात मचाणावर रात्र काढली. त्या रात्री पाणवठ्याजवळ बसून येणारी जनावरं मोजायची असतात. गाडी आम्हाला सोडून गेली ती सकाळीच परत येणार होती. मचाणावर मी, एक वनमजूर मामा आणि एक चटई. झोपायची परवानगी नव्हती, आणि झोप येण्यासारखं अंथरूणही नव्हतं. चांदण्यात आधी दोन रानडुकरं आली, मग सांबराची एक मादी. बराच वेळ काही नाही. पहाटे तीनच्या सुमारास एक अस्वल आलं, पाणी प्यायलं आणि गेलं. आम्ही इथे आहोत हे त्याला कळलंच नाही, किंवा कळूनही त्याने फिकीर केली नाही. मामांनी कागदावर काडी मारली.

मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही किती वर्षं बसताय?"

"मोजली नाही बा," ते म्हणाले. "बाप हाकाऱ्याला जायचा. मी मोजायला येतो."

दिवाळीच्या त्या रोडट्रिपसाठी शेवटी आम्ही काहीच विकत घेतलं नाही. मागची सीट पाडली, घरच्या गाद्या टाकल्या आणि निघालो. साहेबाची खाट मात्र मी पुण्याला घेऊन आलोय. बाबांच्या ओळखीच्या एका माणसाकडून नवीन कॅनव्हास शिवून घेतलं, बिजागऱ्यांना तेल घातलं. आजी चार दिवस राहायला आली तेव्हा तिला म्हटलं, "आजी, झोपून बघ." ती आधी नको म्हणाली. मग एका दुपारी जेवण झाल्यावर स्वतःच जाऊन आडवी झाली आणि तासभर घोरत होती. उठल्यावर म्हणाली, "पाठीला बरी आहे. मामंजींनी उगाच पोती ठेवली."